स्कॅनरचं झाकण उघडण्याआधी: ग्रंथपाल आणि शिक्षकांसाठी कॉपीराइटची वाट

आमच्या ग्रंथालयात एका जुन्या मासिकाचे बांधीव खंड आहेत. त्यातला एक खंड टेबलावर उघडला, पान उलटायला गेलो आणि कोपरा बोटांत राहिला. कागद तपकिरी पडला होता. तो मुडपत नव्हता, सरळ मोडत होता. टेबलावर पडलेला भुगा हाताने गोळा करताना त्यातल्या एका कपच्यावर अर्धी ओळ वाचता येत होती. त्याच दिवशी ठरवलं की हे सगळं स्कॅन करायचं. आणि लगेच तो प्रश्न आला, जो आपल्यापैकी प्रत्येकाला पडतो: हे कायद्यात बसतं का?

मी दोन्ही प्रकारचे ग्रंथपाल पाहिलेत. एक घाबरून काहीच करत नाहीत, आणि कपाटात पुस्तकांचा भुगा होत राहतो. दुसरे "शैक्षणिक वापर आहे, चालतं" म्हणत अख्खं पुस्तक ग्रुपवर टाकतात. मी स्वतः एकदा हे दुसरं केलं आहे. एका प्राध्यापकांनी मागितलं म्हणून बाजारात सहज मिळणारा संदर्भग्रंथ मुखपृष्ठापासून सूचीपर्यंत स्कॅन केला आणि कुणालाही उघडेल अशी लिंक दिली. दोन महिन्यांत प्रकाशकाचं पत्र आलं. पत्र सभ्य होतं आणि त्यातलं म्हणणं बरोबर होतं. त्या दिवसापासून मी कॉपीराइट कायद्याचं कलम ५२, म्हणजे परवानगीशिवाय काय काय चालतं हे सांगणारं कलम, स्वतः, शब्द न् शब्द वाचायला लागलो. त्या वाचनातून आणि पुढच्या कामातून जे हाती लागलं, ते इथे पायरीपायरीने मांडतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट मनात पक्की करा. आपण "डिजिटायझेशन" म्हणतो तेव्हा चार वेगळी कामं एकाच नावाखाली ढकलतो: जतन करणं, वर्गात शिकवण्यासाठी देणं, वाचकाला वापरायला देणं आणि जगासाठी खुलं ठेवणं. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ या प्रत्येकासाठी वेगळा दरवाजा ठेवतो. जतनाच्या दरवाज्यातून आत जाऊन खुल्या प्रकाशनाच्या दरवाज्यातून बाहेर पडता येत नाही. माझ्या लिंकचं नेमकं हेच झालं होतं.

पायरी १: आतलं पान वाचा आणि वर्षं मोजा

पुस्तक हातात घेतलं की शीर्षकाचं पान, त्यामागचं हक्कांचं पान, प्रस्तावनेखालची सही आणि मुखपृष्ठकाराचं नाव एवढं टिपून घ्या. मग मोजणी सुरू करा.

लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ही वर्षं मृत्यूच्या तारखेपासून न मोजता पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. मोजणी १ जानेवारी १९५१ पासून सुरू झाली, आणि १ जानेवारी २०११ पासून त्यांच्या हयातीत आलेली पुस्तकं सर्वांची झाली. मर्ढेकर आणि डॉ. आंबेडकर दोघेही १९५६ साली गेले, त्यांच्या हयातीतलं लेखन १ जानेवारी २०१७ पासून मुक्त आहे. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, म्हणजे त्यांच्यासाठी १ जानेवारी २०३७ पर्यंत थांबावं लागेल. ही मुदत आधी ५० वर्षं होती. १९९२ च्या दुरुस्तीने ती ६० झाली. जुन्या पुस्तिकांमध्ये अजून ५० चा आकडा सापडतो, त्यावर विसंबू नका.

मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनाचा हिशेब वेगळा असतो, तिथे प्रकाशनाच्या वर्षापासून मोजायचं. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या आणि त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली. त्यामुळे त्या संग्रहातली मूळ गाणी १ जानेवारी २०१३ पासून मुक्त झाली. पण त्याच पुस्तकाला आचार्य अत्र्यांची प्रस्तावना आहे. अत्रे १९६९ साली गेले, म्हणजे प्रस्तावनेचा हक्क २०२९ च्या अखेरीपर्यंत जिवंत आहे. गाणी खुली, प्रस्तावना बंद, आणि दोन्ही एकाच पुठ्ठ्यात. स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवायचं असेल तर प्रस्तावनेची पानं बाजूला काढावी लागतात.

एकाच पुस्तकात असे अनेक हक्क एकमेकांशेजारी राहतात. अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो, मूळ लेखक शंभर वर्षांपूर्वीचा का असेना. मुखपृष्ठावरचं चित्र चित्रकाराच्या मृत्यूपासून मोजायचं: दीनानाथ दलाल १९७१ साली गेले, म्हणून त्यांचं चित्र २०३१ संपेपर्यंत धरून चाला. संपादकाच्या टिपा आणि चरित्रात्मक नोंद यांचा हक्क वेगळा. निनावी किंवा टोपणनावाने आलेलं आणि ज्याचा लेखक उघड झालेला नाही असं लेखन प्रकाशनापासून ६० वर्षं.

दिवाळी अंक तर या बाबतीत सगळ्यात अवघड. तीस लेखकांचा अंक म्हणजे तीस वेगळ्या मुदती. बाहेरच्या लेखकाने अंकाला लेख दिला म्हणून त्याचा सगळा हक्क अंकाच्या मालकाकडे आपोआप जात नाही. म्हणून अंकासाठी मी अनुक्रमणिकाच हिशेबाची वही करतो: प्रत्येक लेखापुढे लेखकाचं नाव, मृत्यूचं वर्ष, मुक्त होण्याची तारीख. एका अंकाला अर्धा दिवस जातो. पण त्या यादीवरून पुढची पंचवीस वर्षं कुणालाही सांगता येतं की यंदा १ जानेवारीला कुठले लेख खुले करायचे.

सरकारी प्रकाशनांना प्रकाशनापासून ६० वर्षं हक्क असतो, पण राजपत्रातला मजकूर, न्यायालयांचे निर्णय आणि विधिमंडळापुढे ठेवलेले समित्यांचे अहवाल छापायला सहसा आडकाठी नाही. निर्णय छापायला न्यायालयाने मनाई केलेली नसावी, अहवालाला सरकारने.

पायरी २: जतनासाठी स्कॅन

हक्क जिवंत असला तरी जतन करता येतं. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ (१)(एन) आलं आणि ते आपल्यासाठी सोन्यासारखं आहे. त्याचा आशय असा: बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत आधीपासून असेल, तर जतनासाठी ती इलेक्ट्रॉनिक पद्धतीने साठवणं हा हक्कभंग नाही. परवानगी नको, शुल्क नको, पुस्तक दुर्मीळ असण्याचीही अट नाही.

पण तीन शब्द नीट पाहा. *बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालय*: गावातलं अनुदानित ग्रंथालय यात सहज बसतं. महाविद्यालयाचं ग्रंथालय सार्वजनिक मानायचं का यावर दुमत होऊ शकतं, म्हणून मोठा प्रकल्प हाती घेण्याआधी संस्थेने वकिलाचं लेखी मत फाइलला लावावं. *आधीपासून प्रत असेल तर*: शेजारच्या ग्रंथालयातून मागवलेलं पुस्तक स्कॅन करून परत पाठवणं यात येत नाही. *जतनासाठी*: हे कलम साठवण्याला मोकळीक देतं, साठवलेली फाइल वाचकांना पाठवा, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

त्याला जोडून कलम ५२ (१)(ओ) आहे. पुस्तक भारतात विक्रीला उपलब्ध नसेल तर ग्रंथालयाच्या प्रमुखाच्या निर्देशाने ग्रंथालयाच्या वापरासाठी तीनपर्यंत प्रती करता येतात. नकाशे, पुस्तिका, संगीतलिपी यांनाही ते लागू आहे. इथे पुरावा महत्त्वाचा. प्रकाशकाला एक पत्र किंवा ईमेल, दोन पुस्तकविक्रेत्यांकडे चौकशी आणि दोन ऑनलाइन दुकानांतला शोध, एवढं तारखेसह नोंदवून ठेवा. "मिळत नाही" हे तोंडी सांगणं पुढे कामाला येत नाही.

नोंदीसाठी मी दाखल नोंदवहीला जोडून एक वेगळी वही करतो. त्यात दाखल क्रमांक, स्कॅनची तारीख, कुठल्या कलमाखाली, कुणाच्या आदेशाने, फाइल कुठे ठेवली आणि कोण उघडू शकतं, असे रकाने. वही कंटाळवाणी वाटते, पण कुणी प्रश्न विचारला की उत्तर त्यातूनच निघतं.

तांत्रिक बाजूचं थोडक्यात: छापील मजकुराला ३०० डीपीआय (एका इंचात टिपलेले ठिपके) पुरतं, पुसट छपाईला ४०० घ्या. मूळ फाइल टिफमध्ये, वापराची पीडीएफमध्ये. दोन वेगळ्या माध्यमांवर मिळून तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत. मोडणारा कागद सपाट काचेच्या स्कॅनरवर पालथा दाबू नका; वरून फोटो घेणारं यंत्र नसेल तर स्टँडवर कॅमेरा लावून करा.

जतनाची फाइल वाचनालयातल्या संगणकावर वाचकाला दाखवावी का? युरोपीय संघाच्या कायद्यात ग्रंथालयाच्या आवारातल्या पडद्यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. आपल्या कायद्यात ती तशी लिहिलेली नाही. माझं मत असं: मूळ प्रत हाताळण्याच्या पलीकडे गेली असेल, बाजारात पुस्तक नसेल, तर एका वेळी एका वाचकाला, आवारातच, कॉपी आणि छपाई बंद ठेवून दाखवणं हे कायद्याच्या हेतूला धरून आहे. पण हा माझा अर्थ आहे, कायद्याचं वाक्य नाही. हा निर्णय कार्यकारी मंडळाच्या ठरावाने घ्या, एकट्या ग्रंथपालाच्या खांद्यावर ठेवू नका.

पायरी ३: वर्गासाठी

शिक्षकांना कायद्याने दिलेली मोकळीक शिक्षकांनाच माहीत नसते. कलम ५२ (१)(आय) म्हणतं की शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने केलेली प्रत, प्रश्नपत्रिकेतला उतारा आणि उत्तरातला उतारा हा हक्कभंग नाही. "शिकवण्याच्या ओघात" म्हणजे किती, हा प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयात गेला. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी २०१२ साली दिल्ली विद्यापीठ आणि आवारातलं रामेश्वरी हे झेरॉक्सचं दुकान यांच्यावर दावा लावला होता. नेमलेल्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून दुकानदार त्याचे संच विद्यार्थ्यांना विकत होता. १६ सप्टेंबर २०१६ रोजी एकल न्यायाधीशांनी दावा फेटाळला. ९ डिसेंबर २०१६ रोजी खंडपीठाने कायद्याचा हाच रोख कायम ठेवला: शिकवणं म्हणजे फक्त तासाची घंटा ते घंटा नव्हे, आणि किती पानं हा ठरावीक आकडा कायद्यात नाही, शिकवण्याच्या उद्देशासाठी जेवढं लागतं तेवढं घेता येतं. नेमके ते संच त्या कसोटीत बसतात का, हे तपासायला खटला पुन्हा एकल न्यायाधीशांकडे गेला, पण २०१७ च्या मार्चमध्ये प्रकाशकांनीच दावा मागे घेतला.

हा निकाल वाचून अनेकांनी "आता सगळं चालतं" असा अर्थ काढला. तो चुकीचा आहे. न्यायालयाने पानांची मर्यादा काढली, उद्देशाची ठेवली. संच बनवताना मी शिक्षकांकडून एक कागद भरून घेतो: कोणता अभ्यासक्रम, कोणतं प्रकरण, कोणत्या आठवड्यात शिकवणार. प्रत्येक उताऱ्यावर लेखक, पुस्तक, प्रकाशक आणि पानं. अख्खं पाठ्यपुस्तक, जे विद्यार्थ्याने विकत घ्यावं म्हणूनच छापलं आहे, ते मी संचात घेत नाही. त्याच्या जास्त प्रती ग्रंथालयाने विकत घ्याव्यात. मराठीत शैक्षणिक पुस्तक काढणारा प्रकाशक छोट्या आवृत्तीवर तगलेला असतो. त्याची आवृत्ती पडून राहिली तर पुढचं पुस्तक येत नाही, आणि मग स्कॅन करायलाही काही उरत नाही.

ऑनलाइन देताना जागा बंद असावी: नोंदणी झालेल्या विद्यार्थ्यांनाच उघडेल असं पोर्टल, वैयक्तिक लॉगिन, सत्र संपलं की फाइल बंद. व्हॉट्सॲपचा ग्रुप बंद वाटतो, पण तिथून फाइल पाच मिनिटांत कुठेही जाते.

संस्थेत चित्रपट दाखवायचा असेल, विद्यार्थ्यांनी नाटक करायचं असेल, तर प्रेक्षक विद्यार्थी, कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच असताना कलम ५२ (१)(जे) संरक्षण देतं. तिकीट लावून गावाला बोलावलं की ते संपतं.

एकट्या वाचकाने अभ्यासासाठी काही पानांची प्रत मागितली तर कलम ५२ (१)(ए) मधला वैयक्तिक वापर आणि संशोधनासाठीचा रास्त व्यवहार, म्हणजे मर्यादित आणि न्याय्य वापर, आहे. अख्ख्या पुस्तकाला नाही म्हणा, प्रकरणाला हो म्हणा.

पायरी ४: ई-पुस्तक म्हणजे करार

छापील पुस्तक आपण परवानगीशिवाय घरी देतो, कारण एकदा विकलेली प्रत "वितरणात आलेली" मानली जाते आणि तिच्यावर हक्कधारकाचं नियंत्रण उरत नाही. ई-पुस्तकात आपण प्रत विकत घेत नाही, वापराचा परवाना घेतो. म्हणून सही करण्याआधी हे विचारा: एका वेळी किती वाचक? आवाराबाहेरून लॉगिन चालेल का? दुसऱ्या ग्रंथालयाला एखादा लेख पाठवता येईल का? वर्गणी थांबली तर आधीच्या वर्षांचं काय राहील? आणि करारात असं एक वाक्य घालून घ्या की कायद्याने मिळालेले अपवाद या कराराने कमी होणार नाहीत. बरेच विक्रेते मागितलं तर देतात; कुणी मागतच नाही.

सरकारी उच्च शिक्षण संस्थांना १ जानेवारी २०२५ पासून "एक राष्ट्र, एक सदस्यत्व" योजनेतून ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार नियतकालिकं मिळू लागली आहेत. तिथलाही प्रवेश हा परवानाच आहे. एका बैठकीत शेकडो लेख उतरवणाऱ्या एका लॉगिनमुळे सगळ्या संस्थेचा प्रवेश अडू शकतो, हे विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी सांगा.

छापील प्रत कपाटात ठेवून तिच्या बदल्यात एका वेळी एकाला स्कॅन देण्याचा प्रयोग अमेरिकेत इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयाने केला. २०२३ साली आणि अपिलात सप्टेंबर २०२४ मध्ये तो त्यांच्या विरोधात गेला. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण आपल्या कायद्यातही अशा देवघेवीला स्पष्ट आधार नाही. हक्क जिवंत असलेल्या पुस्तकांसाठी मी हा मार्ग सुचवणार नाही.

पायरी ५: ज्यांना छापील पान वाचता येत नाही

इथे हात आखडता घेऊ नका. कलम ५२ (१)(झेडबी) २०१२ साली आलं, आणि दृष्टिहीन, डिस्लेक्सिया असलेल्या किंवा पुस्तक हातात धरू न शकणाऱ्या वाचकासाठी ते अख्खं पुस्तक ब्रेल, ध्वनी, मोठा टाइप किंवा वाचता येणारी डिजिटल फाइल यांत बदलू देतं. परवानगी लागत नाही, पुस्तक कालच प्रसिद्ध झालेलं असलं तरी. नफा घ्यायचा नाही, फार तर उत्पादनखर्च घ्यायचा. संस्था हे काम करत असेल तर फाइल त्याच वाचकांपुरती राहील आणि बाजारात जाणार नाही याची काळजी घ्यायची.

अशा वाचकांना पुस्तकं वाचता येतील अशा रूपात मिळावीत म्हणून झालेल्या मराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला जून २०१४ मध्ये मान्यता देणारा भारत जगातला पहिला देश होता. तरीही आपल्या कितीतरी ग्रंथालयांत दृष्टिहीन विद्यार्थ्याला "प्रकाशकाचं पत्र आणा" असं सांगितलं जातं. हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण कायद्याने हे पत्र मागितलेलंच नाही.

करायचं ते असं. पानं स्कॅन करा, मराठी ओसीआर (पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारं सॉफ्टवेअर) चालवा आणि मग माणसाने वाचून दुरुस्त करा. ओसीआर जोडाक्षरांत अडखळतं, आणि र्‍हस्व-दीर्घाची चूक वाचन-सॉफ्टवेअर जशीच्या तशी मोठ्याने वाचतं. प्रकरणांना शीर्षकाच्या खुणा द्या, म्हणजे ऐकणाऱ्याला थेट सातव्या प्रकरणावर जाता येतं. चित्रांचं दोन ओळींत वर्णन लिहा. आधी सुगम्य पुस्तकालय या अशा वाचकांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात ते पुस्तक आहे का बघा, म्हणजे दुहेरी मेहनत वाचेल. ई-पुस्तकाला डिजिटल कुलूप असेल तर कलम ६५ए हक्कभंगाच्या हेतूने ते तोडण्याला शिक्षा सांगतं; कायद्याने मोकळ्या ठेवलेल्या कामाला त्यात सूट आहे. मात्र कुलूप उघडायला बाहेरच्या माणसाची मदत घेतली तर त्याने कुणासाठी आणि कशासाठी याची पूर्ण नोंद ठेवायची असते.

पायरी ६: परवानगी मागा

वर कुठेच बसत नसेल तर सरळ विचारा. मराठी लेखकांच्या वारसांनी आम्हाला नकार फार कमी वेळा दिला आहे. आधी हक्क कुणाकडे आहे ते शोधा. हक्क सोपवण्याच्या करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, पण १९९४ ची दुरुस्ती लागू होण्याआधीच्या करारांना हा नियम लागत नाही, त्यामुळे जुन्या पुस्तकांसाठी मूळ करारच पाहावा लागतो. डिजिटल माध्यम जन्माला येण्याआधीच्या करारावरून वाद होऊ शकतो. अशा वेळी वारस आणि प्रकाशक दोघांचीही सही घ्या.

पत्र एका पानाचं असावं आणि त्यात गोलमोल शब्द नसावेत. आमच्या पत्रातला मधला भाग असा असतो:

"आपल्या वडिलांचं हे पुस्तक आमच्या संग्रही आहे. सध्या ते बाजारात उपलब्ध नाही. त्याची डिजिटल प्रत आमच्या संकेतस्थळावर, वाचण्यासाठी, विनामूल्य, दहा वर्षांसाठी ठेवण्याची परवानगी आपण द्यावी. नवी आवृत्ती निघाल्यास आपण कळवताच ही प्रत आम्ही तीस दिवसांत काढून घेऊ. मूळ फाइलची एक प्रत आपल्याला देऊ."

शेवटचं वाक्य गाळू नका. कित्येक घरांत वडिलांच्या पुस्तकाची एकही धड प्रत उरलेली नसते.

वारस सापडतच नसतील तर कलम ३१ए खाली परवान्यासाठी अर्ज करता येतो; त्याआधी इंग्रजी दैनिकात जाहीर सूचना द्यावी लागते. हे खर्चिक आणि लांबचं काम आहे, एकट्या पुस्तकासाठी झेपत नाही. तोवर जतनाची फाइल बंद ठेवा, आणि शोधाच्या नोंदी जपून ठेवा.

पायरी ७: तक्रार आली तर

लिंक त्याच दिवशी बंद करा, फाइल मात्र पुसू नका. तक्रार करणाऱ्याला दोन ओळींचं पोहोच-पत्र द्या आणि वही उघडा: कुठल्या कलमाखाली, किती पानं, कुणाला दिलं. बाजू बरोबर असेल तर कलमाचा क्रमांक देऊन लेखी उत्तर द्या. चूक असेल तर मान्य करा, काय काढलं ते सांगा. माझ्या त्या लिंकच्या वेळी मी हेच केलं, आणि त्याच पत्रात विचारलं की यातली दोन प्रकरणं बंद पोर्टलवर वर्गासाठी ठेवली तर आपली हरकत आहे का. आठवड्याने उत्तर आलं: हरकत नाही. त्या वर्षी आम्ही त्या ग्रंथाच्या आणखी चार प्रती विकत घेतल्या.